खडखड्याचं चौदावं जनुक

चौदा नंबरनं दाक्षायणी बिराजदारची अडीच वर्षं खाल्ली होती, आणि आता डॉक्टर सबनीस म्हणत होते की ते सोडून दे.

"मी रागानं म्हणत नाही," सबनीस म्हणाले. सोलापूरच्या त्या संशोधन केंद्रात ते तीस वर्षं बुरशी बघत आले होते. विद्यार्थ्याला रागावण्यापेक्षा त्याच्याकडे नुसतं बघत राहण्याची त्यांची पद्धत जास्त भारी पडायची. "सहा वेळा प्रयोग केलास. सहाही वेळा चौदा नंबर झोपलेलं. बाहेरच्या एका प्रयोगशाळेनंही तेच छापलंय. पुरावा काय सांगतो?"

"झोपलंय असंच सांगतो, सर."

"मग?"

दाक्षायणी खाली मान घालून बाहेर आली.

तिचा विषय होता ज्वारीचा खडखड्या. कानडी सीमेवरच्या दुधनीकडच्या कुठल्याही माणसाला हा रोग समजावून सांगावा लागत नाही. दाणा चिकात येईपर्यंत पीक कसं दृष्ट लागण्यासारखं असतं. मग एका आठवड्यात ताटं मलूल होतात, वाऱ्यानं पोकळ बांबूसारखी खडखड वाजतात, आणि कुणी पाय देऊन गेल्यासारखी आडवी होतात. पडलेलं ताट उभं चिरलं की आत पांढरा गर नसतो, कोळशाची पूड भरलेली असते. ती पूड म्हणजे बुरशीचे काळे कण. मोहरीचा दाणा त्यांच्यापुढे डोंगर वाटावा इतके बारीक. जमिनीत ते वर्षानुवर्षं पडून राहतात. एरवी गप्प बसतात, पिकाला ताण पडला की उठतात.

पण त्यांना उठवतं कोण? त्या बुरशीच्या हजारो जनुकांतून दाक्षायणीनं तीस निवडली होती. इतर बुरश्यांमध्ये संकटाच्या वेळी जी जनुकं जागी होतात, त्यांच्याशी मिळतीजुळती अशी ही तीस. त्यांना तिनं नंबर दिले होते. सगळ्यांत चौदा नंबरवर तिचा भरवसा होता, कारण त्याची घडण राखणदारासारखी होती: आधी स्वतः जागं व्हायचं आणि मग बाकीच्यांना हाक द्यायची. जनुक जागं झालं की पेशीत त्याच्या नकला निघतात, आणि त्या यंत्रावर मोजता येतात. दाक्षायणीनं बुरशीला बेचाळीस अंशांची ऊब दिली, चव्वेचाळीस अंशांची दिली, अर्धा तास दिली, चार तास दिली. नकला निघाल्याच नाहीत.

संक्रांतीला ती दुधनीजवळ आपल्या घरी गेली, तेव्हा रोगट ताटांचे नमुने आणावेत म्हणून तिनं पिशवीत चाकू, कागदी पाकिटं आणि मातीत खुपसायचा तापमापक घेतला होता. तिचे वडील मल्लप्पा तिच्याबरोबर रानात आले. बोलणं कमी असलेला माणूस. बोलले तरी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. उगवतीच्या बांधाकडच्या ज्वारीच्या चार ओळी आडव्या पडल्या होत्या. ज्वारी जिथं अजून उभी होती, तिथं कणसं भरायला लागली होती.

दाक्षायणीनं एक ताट उपटलं, आणि उपटल्या जागी वीतभर खोल तापमापक खुपसला. आकडा स्थिर झाल्यावर ती बघतच राहिली. पंचवीस.

यंत्र बिघडलं असावं म्हणून तिनं ते पुसून स्वतःच्या काखेत धरलं. छत्तीसच्या वर गेलं. पुन्हा मातीत घातलं. पंचवीस.

मल्लप्पा हे सगळं उभे राहून बघत होते. "काय गं, रानाला ताप आला का?"

"न्हाय अप्पा," दाक्षायणी म्हणाली. "तेच तर! रानाला तापच न्हाय."

तिथंच ढेकळावर ती बसली. सोलापूर म्हटलं की ऊन, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की तिनंही ते तपासलं नव्हतं. ताण म्हणजे ऊन, असं धरून तिनं बुरशीला भाजत ठेवलं होतं. पण खडखड्या काही मे महिन्यात येत नाही. तो येतो पौष-माघात, सकाळी अंगावर शाल लागते तेव्हा. मुळाशी त्या वेळी गारवा असतो. नसते ती ओल. आणि ओल काही अर्ध्या तासात जात नाही. तिच्या पायाशी जमिनीला रुंद भेग पडली होती.

"अप्पा, ही भेग कधीपासनं?"

मल्लप्पांनी भेगेकडे बघितलं. जेवण घेऊन आलेल्या गुरम्मानं, दाक्षायणीच्या आईनं, त्यांच्याआधी उत्तर दिलं. "दिवाळी झाल्यावर नख शिरत नव्हतं बघ त्यात. पंध्रा दिसांनी बोट गेलं. आता हात घाल."

दाक्षायणीनं हात घातला. मनगटापर्यंत गेला.

सोलापूरला परतल्यावर ती थेट सबनीसांच्या खोलीत शिरली. "सर, आपण बुरशीला विस्तवावर धरत होतो. तिला तहानेनं मारायला पाहिजे होतं. हळूहळू."

सबनीसांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सहा आठवडे. त्यानंतर चौदा नंबरचं नाव या खोलीत काढायचं नाही."

गावाकडून आणलेली काळी माती तिनं वाफेवर निर्जंतुक केली, लहान कुंड्यांत भरली, ज्वारीच्या खोडाच्या तुकड्यांवर वाढवलेली बुरशी तिच्यात पुरली आणि कुंड्या पंचवीस अंशांच्या खोलीत ठेवल्या. रोज सकाळी प्रत्येक कुंडी तराजूवर ठेवायची. कालच्यापेक्षा ठरलेलं तेवढंच वजन कमी भरलं पाहिजे. जास्त सुकली असेल तर नळीनं थेंब थेंब पाणी घालून बरोबरी करायची. रानाला जे दोन-अडीच महिन्यांत होतं, ते चोवीस दिवसांत बसवायचं, पण झटका द्यायचा नाही.

प्रयोगशाळेची काचभांडी धुणाऱ्या गोजाबाई एक दिवस हात पुसत जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर माळशिरसकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. पाण्याचा असा हिशेब त्यांनी कधी बघितला नव्हता. "ताई, बाळ जोकावं तसं काय जोकताय वो रोज रोज?"

"मावशी, हे बाळ नाही. चोर आहे."

"आन् चोराला पानी पाजताय व्हय?" गोजाबाई हसत हसत निघून गेल्या.

दर तिसऱ्या दिवशी ती थोडी बुरशी काढून गोठवून ठेवत होती. पंचविसाव्या दिवशी सगळे नमुने यंत्रात गेले. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि पडद्यावर एकेक रेघ उमटायला लागली. तिसरा दिवस, सपाट. सहावा, सपाट. नववा, सपाट. दाक्षायणीनं ओठ आवळले. बाराव्या दिवसाची रेघ थोडी उचलली गेली. पंधराव्या दिवसाची रेघ जी उठली, ती चाळीसपट उंच जाऊनच थांबली.

तिनं वही काढली. मातीत नवे काळे कण पहिल्यांदा दिसले होते अठराव्या दिवशी. म्हणजे कण धरायच्या आधी चौदा नंबर जागं झालं होतं. आधी!

ती धावली नाही. कागद छापून घेतला, घडी न घालता दोन्ही हातांत धरून सबनीसांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. तिन्ही वेळा बाराव्या ते पंधराव्या दिवसाच्या मध्ये रेघ तशीच ताठ उभी राहिली. सहा आठवड्यांची मुदत कधीच उलटून गेली होती, आणि तिची आठवण कुणीच काढली नाही.

तिसरा कागद बघून सबनीस पहिल्यांदा हसले. पण लगेच बोट वर केलं. "चौदा नंबर जागं होतं, हे मान्य. पण गावात चोरी झाली त्या रात्री जो जागा होता तोच चोर, असं म्हणता येत नाही, बिराजदार. चोर हाच, याचा पुरावा?"

"काढून टाकते, सर. चौदा नंबर नसलेली बुरशी तयार करते. मग बघू चोरी होते का."

बोलायला सोपं होतं. बुरशीच्या पेशीतून नेमकं एकच जनुक काढायचं, आणि त्या जागी एका विषारी औषधाला दाद न देणारं दुसरं जनुक बसवायचं. मग ते औषध घातलेल्या प्लेटवर जी बुरशी जगेल ती आपली, जी मरेल ती मूळची. एप्रिलमध्ये तिनं सुरुवात केली. पहिल्या खेपेला प्लेटवर काहीच उगवलं नाही. दुसऱ्या खेपेला उगवलं ते भलतंच निघालं. पाचव्या खेपेपर्यंत उन्हाळा संपला. आठव्या खेपेला सगळं जमलं असं वाटलं, पण तपासलं तर चौदा नंबर जागच्या जागी होतं आणि नवं जनुक दुसरीकडेच कुठंतरी जाऊन बसलं होतं. त्या दिवशी जुळे सोलापूर या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटवर जाऊन तिनं स्वयंपाक केला नाही, चुरमुरे खाऊन भिंतीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा कामावर.

अकराव्या खेपेला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका प्लेटच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा राखाडी ठिपका दिसला. तपासलं. चौदा नंबर नव्हतं. जिथं असायला हवं होतं तिथं नवं जनुक बसलेलं, अगदी बेतून शिवल्यासारखं. साध्या खाद्यावर ही नवी बुरशी मूळ बुरशीइतकीच धष्टपुष्ट वाढली. पण कुंडीतल्या सुकत जाणाऱ्या मातीत तिनं काळा कण धरला नाही. एकसुद्धा नाही.

आता राहिली होती खुद्द ज्वारी.

ऑक्टोबरात बंदिस्त काचघरात मालदांडीची चाळीस रोपं लावली. निसवल्यावर, म्हणजे कणसं बाहेर पडल्यावर, पाणी हळूहळू कमी करत प्रत्येक ताटात बुरशी चढवलेली एकेक बारीक लाकडी काडी टोचायची होती. वीस ताटांत मूळ बुरशी, वीस ताटांत नवी. कुठल्या कुंडीत कुठली, हे फक्त सबनीसांना ठाऊक. त्यांनी काड्यांवर आकडे घालून दिले आणि यादी आपल्या कपाटात कुलपात ठेवली. "तुझे डोळे तुला हवं तेच बघतील," ते म्हणाले. "माझेही. म्हणून ताटं चिरायला तिसरा माणूस पाहिजे. ज्याला खडखड्या ओळखता येतो, आणि आपल्या जनुकाशी काही देणंघेणं नाही असा."

दाक्षायणी जरा घुटमळली. "सर, असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे."

जानेवारीच्या शेवटी रीतसर परवानगी काढून मल्लप्पा बिराजदार काचघराच्या दारात उभे राहिले. अंगात पांढरा कोट, पायांवर प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्यावर टोपीच्या जागी जाळी. गोजाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांच्या डोळ्यांतलं हसू लपलं नाही. मल्लप्पांना त्याचं काही नव्हतं. कुंड्यांतल्या ज्वारीकडे त्यांची नजर गेली आणि बाकी सगळं ते विसरले.

"काळं असलं तर काळं म्हणा, पांढरं असलं तर पांढरं," सबनीसांनी सांगितलं. "कुणाच्या तोंडाकडे बघू नका."

"तोंडाकडं कशाला बगू? ताटाकडं बगतो की," मल्लप्पा म्हणाले.

पहिलं ताट त्यांनी चिमटीत धरून हलवलं, कान जवळ नेला आणि चाकूनं बुडापासून वरपर्यंत उभं चिरलं. "काळं." दुसरं. "काळं." तिसरं चिरलं, आणि आतला गर हुरड्याच्या दिवसांतल्यासारखा ओला पांढरा निघाला. "पांढरं. नोडू, बघा कसं हाय." चौथं पांढरं. पाचवं काळं. प्रत्येक ताटानंतर चाकू स्पिरिटात बुडायचा, ज्योतीवरून फिरायचा. दाक्षायणी लांब उभी राहून नुसते आकडे लिहीत होती. कुठला आकडा कोणाचा ते माहीत नसल्यामुळे तिला हसताही येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं. चाळीस ताटं संपायला दीड तास लागला. काळी एकवीस, पांढरी एकोणीस.

सबनीसांनी कपाट उघडून यादी आणली. एक एक आकडा वाचत खुणा करत गेले. हळूहळू त्यांचा आवाज चढत गेला. मूळ बुरशीची वीस ताटं, वीसच्या वीस काळी. नव्या बुरशीची वीस, त्यांतली एकोणीस पांढरी.

"एकोणीस!" त्यांनी यादी टेबलावर आपटली. तीस वर्षांत त्या माणसाला कुणी असं बघितलं नव्हतं. "दाक्षायणी, वीसपैकी एकोणीस! अगं, आजच लिहायला बस. जगातला कुठलाही परीक्षक हे मान्य करेल."

दाक्षायणीचं लक्ष कुंडी क्रमांक सव्वीसकडे होतं. नव्या बुरशीचं ताट, आणि आतून काळंकुट्ट.

"सर, हे एक काळं आहे."

"वीसात एक! शेतीच्या प्रयोगात एवढं चालतंच."

"चालत असेल. पण चौदा नंबर नसताना बुरशीनं ताट पोखरलं असेल, तर माझं म्हणणं खोटं आहे. एकदा झालं काय नि वीसदा झालं काय." "हे का काळं आहे ते कळल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. पुरावा पाहिजे, सर."

सबनीस तिच्याकडे बघत राहिले. तेच ते जुनं बघणं. मग त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. किती दिवस?"

"चार."

सव्विसाव्या ताटातली बुरशी काढून तिनं दोन प्लेटांवर लावली. एक साधी, एक औषध घातलेली. शेजारी तिसरी प्लेट, तीही औषधाची. तिच्यावर खात्रीची नवी बुरशी. सव्वीस नंबरात जर नवी बुरशीच असेल, तर ती औषधाला भीक घालणार नाही, आणि दाक्षायणीचं साडेतीन वर्षांचं काम तिथंच कोसळेल.

मल्लप्पा त्या संध्याकाळी परत जाणार होते. ते म्हणाले, "खरं काय ते बगूनच जातो." चार दिवस ते लेकीच्या फ्लॅटवर राहिले. गॅलरीत बसून समोरच्या कॉलनीतल्या स्कूटरींची ये-जा बघायचे. दाक्षायणी कामावरून आली की एवढंच विचारायचे, "उगवलं?" ती म्हणायची, "अजून बघितलं नाही, अप्पा. चौथ्या दिवशीच उघडायचं." मग दोघं जेवायला बसायची. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "तू ते काळं ताट लपवलं न्हाईस. गावात सांगण्यासारखं तेच हाय. बाकी काय का होईना."

चौथ्या दिवशी सकाळी ती त्यांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेली. सबनीस आधीच येऊन थांबले होते. गोजाबाईही काम सोडून दाराशी उभ्या होत्या.

दाक्षायणीनं तिन्ही प्लेटा उजेडात मांडल्या. साध्या प्लेटवर सव्वीस नंबरची बुरशी काठोकाठ पसरलेली, काळी, जोमदार. म्हणजे ती जिवंत होती. तिसऱ्या प्लेटवर खात्रीची नवी बुरशी औषध पचवून मजेत वाढलेली. म्हणजे औषधाच्या प्लेटा ठीक होत्या. आणि मधली प्लेट, सव्वीस नंबरची, औषधाची. दाक्षायणीनं ती उचलून खिडकीकडे धरली.

मल्लप्पा वाकले. "हितं तर कायच न्हाई की."

"काय्यच नाही, अप्पा!" दाक्षायणी ओरडली. "औषधानं मेली! ही नवी बुरशी नव्हेच. ही मूळची आहे, चौदा नंबरवाली. शेजारच्या कुंडीतनं शिरली असणार. चोर तोच, अप्पा. एकदासुद्धा दुसरा कुणी नाही!"

सबनीसांनी तिच्या हातातून प्लेट घेतली, उलटी-सुलटी करून बघितली, परत दिली, आणि सरळ मल्लप्पांपुढे हात जोडले. "बिराजदार, मी त्या दिवशी घाई करत होतो. तुमच्या मुलीनं मला थांबवलं." मल्लप्पांनी उलट नमस्कार केला. गोजाबाईंनी मात्र सगळ्यांच्या वतीनं बोलून घेतलं: "घावला म्हना की चोर! पानी पाजून पाजून पकडला!" आणि दाक्षायणीला हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

दुपारी गुरम्माचा फोन आला. सगळं ऐकून तिनं नेमकं विचारलं, "मग आता आपल्या रानातला खडखड्या जानार काय?"

"लगेच नाही जाणार, अव्वा. अजून पुष्कळ काम आहे. पण तो कधी जागा होतो आणि कुणाच्या हाकेनं, हे आता कळलं. आजवर आपण अंधारात काठी मारत होतो. आता कुठं मारायची ते दिसतंय."

"मग मार की," गुरम्मा म्हणाली.

संध्याकाळी दाक्षायणी वडिलांना सोडायला स्टँडवर गेली. दुधनीची गाडी लागलेली होती. मल्लप्पांना खिडकीची जागा मिळाली. ती खाली फलाटावर उभी राहून गाडी सुटायची वाट बघत होती. शेजारी बसलेल्या माणसानं त्यांना काहीतरी विचारलं असावं, कारण एकाएकी तिला त्यांचा आवाज ऐकू आला. आयुष्यभर दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा तिचा बाप कानडीत घडाघडा सांगत होता, हातानं ताट चिरून दाखवत होता. पुढच्या बाकावरच्या दोन बायका मागं वळून ऐकायला लागल्या. कंडक्टरनंही तिकिटं फाडायची थांबवली. गाडी हलली, तेव्हा मल्लप्पांची बोटं एकोणीस मोजत होती, आणि खिडकीबाहेर उभ्या लेकीकडे बघायचंही त्यांना भान राहिलं नव्हतं.